तिसऱ्यांची शेती, नैसर्गिक साठे आणि जेनेटिक मार्कर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या मराठी घरांतली प्राणिशास्त्र, जीवरसायन नाहीतर बायोटेक शिकणारी मुलं प्रकल्पाला विषय मागायला येतात, तेव्हा मी त्यांना आवर्जून तिसऱ्या सुचवते. मग प्रश्न सुरू होतात. काही मुलांचे असतात, काही त्यांच्या आईवडिलांचे. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवणं बरं वाटलं. या पानावर तिसऱ्या म्हणजे वाळूत-चिखलात पुरून राहणारे, दोन शिंपांचे सगळे प्राणी. खडकाला चिकटणारी कालवं यात धरलेली नाहीत.

बडोद्यात समुद्र नाही. मग हा विषय इथे कशाला?

समुद्र वाटतो तितका लांब नाही. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाऊन आलेल्या प्रत्येकाने खंबातच्या आखाताचा चिखल आणि भरतीचं पाणी पाहिलेलं आहे. पलीकडे भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. अशा पाण्यात तिसऱ्यांच्या अळ्या कुठून कुठे वाहत जातात हा प्रश्न कोणत्याही जीवशास्त्रज्ञाला झोप लागू देणार नाही.

दुसरं कारण जुनं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. द्वारका, बेट, ओखा हा ओखामंडळाचा मुलूख गायकवाडांच्या राज्यात होता. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या किनाऱ्याची पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल दोन भागांत निघाला, पहिला १९०९ साली आणि दुसरा १९१६ साली. किनाऱ्यावर काय काय राहतं याची नोंद आधी करा, उपसा आणि उद्योग मग बघू, ही दृष्टी या शहराच्या दप्तरात शंभर वर्षांपूर्वीच होती. आजची नोंद डीएनएच्या भाषेत करायची, एवढाच फरक.

जेनेटिक मार्कर म्हणजे नेमकं काय?

डीएनएमधली अशी जागा, जिथे एकाच जातीच्या निरनिराळ्या प्राण्यांत फरक सापडतो आणि तो फरक आईबापांकडून पिल्लांत कसा उतरतो हे आपल्याला ठाऊक असतं. त्या जागेवरच्या पर्यायांना अॅलील म्हणतात. पन्नास तिसऱ्यांमध्ये कोणता अॅलील किती वेळा आला हे मोजलं की त्या खाडीच्या साठ्याचं, म्हणजे तिथल्या सगळ्या तिसऱ्यांचं, एक चित्र मिळतं. तसंच चित्र हॅचरीतल्या, म्हणजे टाक्यांत अंडी उबवून पिल्लं तयार करण्याच्या केंद्रातल्या, बीजाचं (लहान पिल्लांचं) काढायचं आणि दोन्ही शेजारी ठेवायची. या शास्त्राचा पाया एवढाच आहे.

हॅचरीतली आणि नैसर्गिक तिसरी डोळ्यांनी ओळखता येत नाही का?

बहुतेक वेळा नाही. शिंपेचा आकार, जाडी आणि रंग वाळू, गर्दी आणि खाद्य यांवरही ठरतो. एकाच आईची दोन पिल्लं दोन खाड्यांत वाढवली तर ती वेगळ्या जातीची वाटू शकतात.

एक सुंदर अपवाद अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आहे. तिथल्या मर्सेनारिया मर्सेनारिया या जातीत काही तिसऱ्यांच्या पांढुरक्या शिंपेवर तांबूस-तपकिरी नागमोडी रेघा असतात. या रूपाला नोटाटा म्हणतात. नैसर्गिक साठ्यात ते क्वचितच दिसतं. खूण एकाच जनुकाची आहे. प्रत्येकीत दोन अॅलील असतात, एक आईचा, एक बापाचा. त्यांपैकी एक रंगाचा असेल तर नागमोडी रेघा येतात, दोन्ही असतील तर शिंप बरीचशी तपकिरी होते. हॅचरीवाल्यांनी हे रूप मुद्दाम वाढवलं, त्यामुळे खाडीत रेघांची तिसरी दिसली की ती शेतातली असावी असा अंदाज बांधता येतो. पण फक्त अंदाजच. नैसर्गिक साठ्यातही तो अॅलील आहे, आणि शेतातल्या तिसरीच्या साध्या पांढऱ्या पिल्लांना ही खूण पकडू शकत नाही. डीएनए वाचायची गरज तिथून सुरू होते.

हॅचरीत असं काय होतं की वाणाचा जनुकीय साठा आटतो?

या पानावरचं सर्वात महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

एक मादी एका खेपेला लाखो अंडी सोडते. पाणी थोडं कोमट करून किंवा पाण्यात नराचं शुक्र मिसळून प्रजोत्पादनाला चालना देतात. त्यामुळे मूठभर जनकांपासून अख्ख्या खाडीला पुरेल एवढं बीज तयार होतं, आणि हॅचरीला तेच स्वस्त पडतं. आता हिशेब बघा. टाकीत ४० माद्या आणि ५ नर आहेत. जनकांची संख्या ४५ दिसते, पण जनुकीय दृष्टीने परिणामकारक संख्या काढायची तर माद्या आणि नर यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला बेरजेने भागायचं: ८०० भागिले ४५, म्हणजे साधारण १८. पंचेचाळीस जनकांचा साठा अठरा जनकांसारखा वागतो. दर पिढीला हेटेरोझायगोसिटी, म्हणजे एकाच जागी दोन वेगळे अॅलील असण्याचं प्रमाण, सुमारे २.८ टक्क्यांनी घटतं. याच पद्धतीने पाच पिढ्या काढल्या की १३ टक्के गेले.

हा हिशेबही उदार आहे, कारण त्यात प्रत्येक मादीचा आणि प्रत्येक नराचा वाटा सारखा धरला आहे. प्रत्यक्षात एखाद्या नराचं शुक्र आधी सुटतं आणि निम्मी पिल्लं त्याचीच निघतात. पुढे अळ्या चाळणीतून गाळताना हळू वाढणाऱ्या टाकून देतात, त्यात आणखी काही कुटुंबं संपतात.

खरी मेख दुर्मीळ अॅलीलमध्ये आहे. खाडीत एखादा अॅलील २ टक्के प्रमाणात आहे असं समजा. दहा जनक उचलले तर अॅलीलच्या वीस प्रती हाती आल्या. त्या विसांत तो अॅलील एकदाही नसण्याची शक्यता ६७ टक्के. पन्नास जनक घेतले तर हीच शक्यता १३ टक्क्यांवर येते. उलट हेटेरोझायगोसिटी दहा जनकांतही ९५ टक्के टिकते. म्हणून फक्त हेटेरोझायगोसिटीचा आकडा दाखवून कोणी 'आमचं बीज नैसर्गिक साठ्याइतकंच समृद्ध आहे' म्हणालं, तर अॅलीलांची संख्या विचारा. नव्या रोगाला किंवा गोड्या पाण्याच्या लोंढ्याला तोंड देणारा अॅलील बहुधा या दुर्मीळांतलाच असतो.

नैसर्गिक साठ्यात कोट्यवधी तिसऱ्या असतात. तिथे ही भीती नाही ना?

कमी आहे, पण नाही असं नाही. अळ्या दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि बहुतेक मरतात. एखाद्या वर्षी योग्य वेळी, योग्य प्रवाहात अंडी सोडणाऱ्या थोड्याच माद्यांची पिल्लं तगतात. डेनिस हेजकॉक यांनी १९९४ साली ही कल्पना मांडली. समुद्री प्राण्यांत डोकी मोजून आलेली संख्या आणि परिणामकारक संख्या यांत प्रचंड तफावत का पडते, हे तिच्यामुळे कळतं.

कोणता मार्कर घ्यावा?

आधी प्रश्न ठरवा, मार्कर नंतर. मुलं उलटं करतात आणि अडकतात.

जात ओळखायची असेल तर माइटोकॉण्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा डीएनए असलेल्या घटकाच्या) सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा पुरतो. उकडून, शिंप काढून विकलेल्या मांसावरही जात कळते, फक्त उष्णतेने डीएनए तुटलेला असतो, म्हणून आणखी छोटा तुकडा निवडावा लागतो. पण शेतातली आणि नैसर्गिक तिसरी एकाच जातीच्या असतील तर एकटा सीओआय फारसं बोलत नाही.

अॅलोझाइम ही सर्वात जुनी पद्धत. विकराची (एन्झाइमची) निरनिराळी रूपं स्टार्चच्या जेलमध्ये विजेच्या दाबाखाली वेगवेगळं अंतर कापतात. १९६६ पासून ती साठ्यांच्या जनुकीय अभ्यासात रुळली. मर्सेनारियाच्या हॅचरीतल्या ओळी ओळखायला ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेज हे विकर वापरलं गेलं. ताजं किंवा खोल गोठवलेलं मांस लागतं, ही तिची अडचण.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे दोन-तीन-चार अक्षरांचा तुकडा पुन्हापुन्हा आलेला असतो ती जागा. एकीकडे बारा वेळा, दुसरीकडे सतरा वेळा. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत, वापरून लांबी मोजली की संगणकाच्या पडद्यावर शिखरांसारखी टोकं दिसतात. एक टोक आलं तर आईबापांकडून सारखाच अॅलील, दोन आली तर वेगळे. आईबाप आणि पिल्लं जुळवायला, म्हणजे हॅचरीतल्या कोणत्या जनकाची किती पिल्लं जगली हे शोधायला, दहा-पंधरा चांगल्या जागा आजही उत्तम काम देतात. महाविद्यालयीन प्रकल्पाला मी हाच मार्कर सुचवते.

एसएनपी म्हणजे एकाच अक्षराचा बदल. २००८ साली आलेल्या रॅड सिक्वेन्सिंगमुळे (यात डीएनएचे ठरावीक तुकडेच वाचतात) आधी जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, माहीत नसलेल्या प्राण्यातही हजारो एसएनपी एका झटक्यात मिळू लागले. शेजारशेजारच्या खाड्यांतला बारीक फरक आणि निवडीचा परिणाम बघायचा असेल तर याला पर्याय नाही. मात्र विदा हाताळायला संगणक चांगला येणारा साथीदार हवा.

माइटोकॉण्ड्रिया तर आईकडूनच येतो. मग त्यात गोंधळ कसला?

माणसात आईकडूनच. काही शिंपल्यांत मात्र दुहेरी वारसा आहे. मनिला तिसरी, म्हणजे रुडिटेप्स फिलिपिनारम, ही त्यातलीच एक. तिच्यात मुलींना आईचा माइटोकॉण्ड्रिया मिळतो. मुलांना आईचा मिळतो आणि बापाचाही, पण बापाचा मुख्यतः वृषणात साठतो. या दोन रूपांतला फरक दोन जातींमध्ये असावा इतका मोठा असतो.

विणीच्या हंगामात अख्खी तिसरी वाटून डीएनए काढला तर नराच्या नमुन्यात दोन्ही रूपं येतील आणि एखादा उत्साही विद्यार्थी नवी जात सापडल्याचं जाहीर करेल. उपाय सोपा आहे: पायाचा किंवा शिंप मिटणाऱ्या स्नायूचा तुकडा घ्या, जननग्रंथीला कात्री लावू नका. आणि आपली जात या प्रकारात मोडते का हे आधी तपासा.

आमचे नमुने हार्डी-वाइनबर्गच्या समतोलात बसत नाहीत. लगेच आंतरप्रजनन म्हणायचं का?

मुळीच नाही. जोड्या कशाही जमत असतील तर अॅलीलांच्या प्रमाणावरून किती हेटेरोझायगोट (दोन वेगळे अॅलील असलेले प्राणी) असावेत, हे हा समतोल सांगतो. शिंपल्यांत अपेक्षेपेक्षा कमी हेटेरोझायगोट सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि पहिला संशय नल अॅलीलवर घ्यावा. शिंपल्यांच्या डीएनएत बदल इतके ठासून भरलेले असतात की प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, जिथे बसायला हवा तिथलंच एखादं अक्षर बदललेलं असतं. मग तो अॅलील पीसीआरमध्ये उमटतच नाही आणि दोन अॅलीलांचा प्राणी एकाच अॅलीलचा वाटतो. फक्त एक-दोन जागांवर तूट असेल तर बहुधा नल अॅलील. सगळ्याच जागांवर सारखी असेल तर आंतरप्रजनन, किंवा दोन वेगळे साठे एका पिशवीत मिसळले गेले. जनक आणि पिल्लं दोन्ही तपासता आली तर नल अॅलील सरळ पकडता येतो, कारण आई आणि पिल्लू यांच्यात न जुळणारा वारसा दिसतो.

एफएसटी किती आला म्हणजे साठे वेगळे?

एफएसटी म्हणजे साठ्यांतला जनुकीय फरक मोजणारा, ० ते १ मधला आकडा. त्याची ठरलेली मर्यादा नाही. अळ्या वाहणाऱ्या प्राण्यांत ०.०१ सुद्धा अर्थपूर्ण असू शकतो. मायक्रोसॅटेलाइटबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा: साठ्यांतली हेटेरोझायगोसिटी ०.९ असेल तर दोन साठ्यांत एकही अॅलील समान नसला तरी एफएसटी ०.१ च्या वर जाऊ शकत नाही. लहान आकडा बघून 'फरक नाही' असं लिहू नका.

नमुना कसा घ्यायचा?

प्रत्येक ठिकाणाहून तीस ते पन्नास तिसऱ्या, आणि सगळ्या एकाच ढिगातून नकोत. शिंप उघडून पायाचा हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा कापायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि ९५ टक्के किंवा त्याहून कडक इथेनॉलमध्ये टाकायचा. इथेनॉल मांसाच्या निदान पाचपट हवं. दुसऱ्या दिवशी ते बदला. तिसरीत पाणी फार असतं, पहिलं इथेनॉल त्याने पातळ होतं आणि डीएनए सडू लागतो. फॉर्मॅलिन कधीच नको.

चिठ्ठी पेन्सिलने लिहून नळीच्या आत टाका. पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि मग चाळीस नळ्या सारख्याच दिसतात. चाकू-कात्री प्रत्येक प्राण्यानंतर पुसून ज्योतीवर धरा, पण इथेनॉलच्या नळ्या ज्योतीपासून लांब ठेवा.

तिसऱ्यांच्या चिकट बुळबुळीतपणामागे बहुशर्करा असतात. त्या डीएनएबरोबर येतात आणि पीसीआर अडवतात. डीएनए काढताना सीटॅब हे रसायन वापरणारी पद्धत घेतली तर त्या बऱ्याच अंशी मागे राहतात. तरी पीसीआर आला नाही तर डीएनए दहापट पातळ करून पुन्हा बघा, अनेकदा तेवढ्यानेच काम होतं. शिंपा फेकू नका, त्याच क्रमांकाने जपून ठेवा.

बाजारातून आणलेल्या तिसऱ्या चालतील का?

हात बसवायला, डीएनए काढायला शिकायला जरूर. साठ्याबद्दल निष्कर्ष काढायला नाही, कारण माल कुठल्या खाडीचा हे खात्रीने सांगणारं कोणी नसतं.

शेतातल्या तिसऱ्या नैसर्गिक साठ्यात मिसळल्या तर बिघडतं काय?

मनिला तिसरीचाच इतिहास बघा. मूळची पूर्व आशियातली. १९३०च्या दशकात जपानहून नेलेल्या कालवांच्या बीजाबरोबर ती नकळत उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचली. १९७२ साली फ्रान्समध्ये आणि १९८३ साली व्हेनिसच्या खाजणात ती मुद्दाम आणली गेली. तिथे तिने बस्तान बसवलं आणि युरोपची मूळची रुडिटेप्स डेक्युसेटस अनेक ठिकाणी मागे पडली. स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावर या दोघींचे संकरही डीएनएतून सापडले आहेत. ते नुसत्या शिंपेवरून खात्रीने ओळखता आले नसते.

एकाच जातीच्या आत होणारी मिसळ याहून कठीण, कारण ती दिसतच नाही. शेतातल्या तिसऱ्यांना पळून जावं लागत नाही. जागेवर राहून त्या अंडी-शुक्र पाण्यात सोडतात आणि भरती ते घेऊन जाते. जाळं लावून हे थांबवता येत नाही. थोड्या जनकांचं बीज वर्षानुवर्षं सोडलं तर तिसऱ्यांची संख्या वाढलेली दिसते आणि परिणामकारक संख्या घटत जाते. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की पहिली टोपली खाडीत ओतण्याआधी त्या खाडीतल्या पन्नास तिसऱ्यांचे तुकडे इथेनॉलमध्ये जायला हवेत. तपासणी दहा वर्षांनी झाली तरी चालेल, नमुना दहा वर्षांनी घेऊन चालणार नाही.

मार्करमधून अगदीच अनपेक्षित असं काही कळलं आहे का?

हो, आणि ते वाचून मी थक्क झाले होते. माया अॅरेनारिया या तिसरीला रक्ताच्या कर्करोगासारखा आजार होतो. २०१५ साली कर्करोगाच्या पेशींचे आणि त्याच प्राण्याच्या निरोगी पेशींचे मायक्रोसॅटेलाइट ताडून पाहिले गेले. ते जुळले नाहीत. पण न्यू यॉर्क, मेन आणि कॅनडातलं प्रिन्स एडवर्ड बेट, इतक्या लांबलांबच्या तिसऱ्यांमधल्या कर्करोगपेशी एकमेकींशी जवळपास जुळल्या. म्हणजे कर्करोगाची पेशीच एका प्राण्यातून दुसऱ्यात जात होती. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये एका जातीच्या तिसरीत दुसऱ्याच जातीच्या तिसरीपासून आलेला कर्करोग सापडला. जिवंत बीज या खाडीतून त्या खाडीत नेताना हे आठवावं.

भारतात परिस्थिती काय आहे?

कोकणच्या खाड्यांत मेरेट्रिक्स आणि पाफिया या गटांतल्या जाती, केरळच्या वेंबनाड सरोवरात विल्लोरिटा ही काळी तिसरी, कोल्लमच्या अष्टमुडीत पाफिया मलबारिका. अष्टमुडीच्या तिसऱ्यांना २०१४ साली एमएससी, म्हणजे मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, या संस्थेचं शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं ते पहिलं. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हॅचरीत तयार केलेलं बीज तिथे सोडलंही आहे. आपल्याकडे तिसऱ्या अजून मुख्यतः नैसर्गिक साठ्यातून येतात. म्हणजे मूळ नोंद करायची वेळ अजून गेलेली नाही, आणि या विषयात मुलांनी यावं असं मला वाटतं ते यासाठीच.

संग्रहालयातल्या जुन्या शिंपांमधून डीएनए मिळतो का?

मिळू शकतो. शिंप वाढताना तिच्या चुन्यात प्राण्याचा डीएनए अडकतो, आणि शेकडो-हजारो वर्षं जुन्या सागरी शिंपांतूनही तो निघतो हे २०१७ साली दाखवलं गेलं. तुकडे फार लहान असतात, स्वच्छ प्रयोगशाळा लागते. कमाटी बागेतल्या संग्रहालयात महीच्या मुखाशी लागलेल्या देवमाशाचा सांगाडा बघायला सगळे जातात. कोणत्याही संग्रहालयात गेलात तर शिंपांच्या पेटीपाशीही थांबा आणि चिठ्ठीवर ठिकाण आणि साल लिहिलं आहे का ते बघा. ठिकाण-साल असलेली शिंप या कामाला उपयोगी, नसलेली नाही.

परवानगी लागते का?

ठिकाणावर अवलंबून आहे. कच्छच्या आखातात १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या आणि लगतच्या अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही शिंपला उचलायचा नाही, रिकामा सुद्धा. नमुने किंवा डीएनए परदेशी प्रयोगशाळेकडे पाठवायचे असतील तर २००२च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. अर्ज मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सहीने आणि विभागामार्फत करा, आणि पावसाळा संपायच्या आत करा, म्हणजे हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोट्यांपर्यंत कागद हातात येतील.